आईची काळी तीन

आमच्या गायनवृंदात पट्टी ठरवायची एक पद्धत होती. ती मोडली त्या दिवसापासून मी चिडलेली आहे. वर्ष उलटून गेलं तरी राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पद्धत अशी. परळच्या एका शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाईंनी हा वृंद सुरू केला होता, आसपासच्या बायकांसाठी. डबे, पोरं, सासू-सासरे, नोकऱ्या उरकून आम्ही यायचो. गाणं रीतसर शिकलेली आमच्यात एखाददुसरीच. वर्षाला तीन कार्यक्रम व्हायचे: चैत्रात, श्रावणात आणि दिवाळीच्या पहाटे. तालमी सुरू व्हायच्या त्या पहिल्या दिवशी बाई आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईला पुढे बोलवायच्या. तिने एकटीने, पेटीशिवाय, तिला सोसेल तशी भूपाळीची एक ओळ म्हणायची. मग बाई पेटीवर तिचा सा शोधायच्या. ज्या पट्टीवर त्यांचं बोट थांबेल, ती त्या कार्यक्रमाची पट्टी. सगळ्यांनी त्याच पट्टीत गायचं.

पेटी माहीत नसलेल्यांसाठी सांगते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना नंबर असतात, आणि आपला सा जिथे बसतो ती आपली पट्टी. तरुण बायका बहुतेक काळी पाचला गातात. वय झालं की आवाज जड होतो, खाली उतरतो. आमच्यातल्या ज्यांचे गळे वर जायचे, त्या कुरकुरायच्या. बाई त्यांना म्हणायच्या, "तुम्हाला खाली येता येतं गं. हिला वर जाता येणार नाही." विषय तिथेच संपायचा. बाई वारल्या त्यानंतरही आम्ही पट्टी अशीच काढत राहिलो.

गेली काही वर्षं सगळ्यात वयस्कर होती माझी आई. आम्ही लालबागला राहतो, चाळीत. वडील गिरणीत होते. ते गेल्यावर आई गॅलरीत खुर्ची टाकून दिवसदिवस बसायला लागली, तेव्हा मीच तिला ओढत तालमीला नेलं होतं. तिचा आवाज गोड वगैरे नाही. रुंद आहे, जरा खरखरीत, गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याला थांबवून तयार झालेला. पण सुराला पक्का. पट्टी काढायच्या दिवशी ती सकाळपासून कोमट पाणी प्यायची, ताक-लोणच्याला हात लावायची नाही, इस्त्रीची साडी नेसायची. एका ओळीसाठी! मी चिडवायचे, "काय गं, मुलगी बघायला येणारेत का?" ती म्हणायची, "गप रव. सगळ्यांका माझ्या मागसून येवचा आसता." सगळ्यांना तिच्या मागून यायचं असतं, ही गोष्ट तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती. घरात कधी कुणी तिच्या मागून गेलेलं नव्हतं, मीसुद्धा नाही. तिच्या गळ्याबरोबर आम्ही काळी पाचवरून उतरत उतरत काळी तीनवर आलो होतो, आणि आमचं काही बिघडलं नव्हतं. शाळेचं सभागृह भरायचं. लोक सोबत गायचे, कारण काळी तीन लोकांनाही झेपते.

मग आमच्या कमिटीला मोठं व्हायची हौस आली. लोअर परळला टॉवर बांधणारे कुणी बिल्डर दिवाळी पहाटेला मदत करायला तयार झाले. त्यांच्यामुळे दादरचं मोठं सभागृह आलं, मागे एलईडीचा पडदा आला, आणि टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत गाजलेली एक पाहुणी गायिका आली. तालमी घ्यायला एक सर आले. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम लिहावं लागतंय, कारण त्या माणसाबद्दल चांगलं काही लिहायला माझा हात उठत नाही.

तालमीच्या पहिल्या दिवशी आई नेहमीसारखी पुढे जाऊन उभी राहिली. पदर खांद्यावर, हात जोडलेले. सर मोबाइलवर तानपुरा लावत होते. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "बोला ना, आजी?"

आई गोंधळली. कुणीतरी पद्धत सांगितली. सर हसले. छान हसले, कौतुकाने. म्हणाले, "अरे वा, गोड आहे हे. पण यंदा पट्टी ठरलीय. मॅडम काळी पाचला गातात. आपण त्यांना फॉलो करू." आई "हो हो" म्हणत मागे आली आणि माझ्या शेजारी बसली. जोडलेले हात तिने तसेच मांडीवर ठेवले होते.

दोन आठवडे ती झगडली. काळी पाचला वरचा सा लागत नाही म्हणून ती मान ताणायची, गळ्याच्या शिरा तट्ट फुगायच्या. कधी सूर चिरायचा, कधी खाली पडायचा. घरी येऊन हळद-दूध, ज्येष्ठमध, काय काय. मी तिला म्हटलं, वरचं सोड, खालच्या सप्तकात गा. तसं केलं तर नुसतीच गुणगुण ऐकू यायची, आणि सरांचे कान तिखट होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आम्हाला थांबवलं, आईजवळ आले, वाकले, आणि लहान मुलाशी बोलतात तसं म्हणाले, "आजी, तुम्ही मागच्या रांगेत मधोमध उभ्या राहा. तुमच्या चेहऱ्यावर काय भाव आहेत! फक्त आवाज काढू नका. ओठ हलवा. कुणाला कळणारही नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि म्हटलं, "मग कार्डबोर्डची बाई उभी करा ना. तिच्या चेहऱ्यावरही भाव काढून मिळतील."

"ताई, तुम्ही पर्सनली घेताय."

"माझी आई आहे. पर्सनली नको घेऊ तर काय?"

"लोक एवढ्या लांबून येणार. स्टँडर्ड नको का?"

"अहो, हा वृंद ज्यांना कुठे गाता येत नाही त्यांच्यासाठी काढलाय. ज्यांना गाता येतं त्यांच्यासाठी सगळी मुंबई पडलीय!"

मी वळून बाकीच्यांकडे पाहिलं. म्हटलं, कुणीतरी बोलेल. त्यातल्या निम्म्या जणींना बाईंनी बोट धरून सा लावायला शिकवलेलं. एक पर्सची चेन उघडझाप करत होती. एकीला अचानक फोन आला. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, जिच्यासोबत मी कार्यक्रमाच्या साड्यांना फॉल लावत रात्री घालवल्या, ती म्हणाली, "अगं, मधोमध उभं करतायत ना तिला. किती मान आहे!" मान! मी तिला त्या क्षणी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही.

पण खरी थप्पड मारली ती आईने. माझा दंड धरून तिने मला खाली बसवलं आणि सरांना म्हणाली, "चालेल हो सर. ही अशीच आहे, लहानपणापासून. मी हलवते ओठ." मला कुजबुजली, "कित्याक वाद घालतंस गो? माझ्यापायी सगळ्यांचा कार्यक्रम बिघडाक नको."

परतताना भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला ती म्हणाली, "साडी कोणती ठरली?" मी भराभर रस्ता ओलांडला. घरी आल्यावर ती आरशासमोर उभी राहिली आणि आवाज न काढता पूर्ण गाणं म्हटलं, श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा बरोबर. तालीम करत होती ती, मुक्याने गायची!

मी तेव्हाच वृंद सोडायला हवा होता. सोडला नाही, कारण तिला एकटीला त्या लोकांत पाठवायचं नव्हतं. पुढे मी नेहमीची कामंही केली. गजरे आणले, पास वाटले, पहाटे सगळ्यांना चहा मिळतोय ना ते पाहिलं. प्रत्येक काम दात-ओठ खाऊन केलं.

दिवाळीच्या पहाटे दादरचं सभागृह खच्चून भरलं. मी मधल्या रांगेत, आई माझ्या मागे. इतकी वर्षं तिचा आवाज माझ्या मानेवर यायचा, मी त्याला टेकून गायचे. त्या दिवशी मागे काही नव्हतं. पाहुण्या बाई सुरेख गायल्या, ते नाकारणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण सोबत कुणी गायलं नाही. काळी पाचला कोण गाणार?

कार्यक्रम संपल्यावर फराळाच्या टेबलाशी एक अनोळखी गृहस्थ आईपाशी आले आणि तिला चक्क वाकून नमस्कार केला. "आजी, या वयात काय खणखणीत आवाज! तुमच्याकडेच बघत होतो मी." मला वाटलं आता तरी ती बोलेल. सांगेल की अहो, मी गायलेच नाही. आई लाजली आणि म्हणाली, "थँक यू." मला तिथे सगळा चिवडा जमिनीवर ओतावासा वाटला.

अँटॉप हिलला राहणाऱ्या माझ्या भावाने मोबाइलवर शूटिंग केलं होतं, आईवर झूम करून. दुपारपर्यंत ते घरच्या ग्रुपवर फिरलं. मालवणच्या मावशीपासून दुबईच्या भाच्यापर्यंत सगळ्यांनी बदाम, फुलं, जोडलेले हात पाठवले. वृंदाच्या ग्रुपवर मी वृंद सोडल्याचा मेसेज टाकला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आई मात्र ते शूटिंग पुन्हा पुन्हा बघत बसली. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आई, बंद कर ते! तो तुझा आवाज नाहीये."

"म्हायत आसा माका," ती शांतपणे म्हणाली. "म्हणान तर बरा वाटता. माझो आसतो तर असा वाटला नसता."

मी हातातली पळी ओट्यावर आपटली. सरांवर चिडता येत होतं, मैत्रिणीवर चिडता येत होतं. तिच्या या बोलण्यावर कुणावर चिडायचं तेच मला कळेना, त्यामुळे राग दुप्पट झाला.

काही दिवसांनी चाळीत तुळशीचं लग्न होतं. मधल्या चौकात वृंदावन रंगवलेलं, ऊस उभे केलेले, चिंचा-आवळे लावलेले. सगळ्या मजल्यांवरच्या बायका-पोरं अक्षता घेऊन खाली जमली होती. आमच्याकडे तुळशीच्या लग्नाला भटजी येतात ते पूजा सांगतात, पण मंगलाष्टकं आई म्हणते. मी जन्मल्यापासून तीच म्हणत आलीय. सर्दी-तापातही म्हटलीत, वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षीही, मागे उभी राहून, म्हटलीत. अंतरपाट धरला गेला. भटजींनी तिच्याकडे पाहिलं, "हं, आजी."

आई शेजारच्या सुनेकडे वळून म्हणाली, "मोबाइलवर लाव गो बाय. त्येच्यावर चांगली येतत."

सुनेने लावलं. कुणातरी गोड गळ्याच्या बाईने, मागे सनईबिनई घेऊन, मंगलाष्टकं सुरू केली. काळी पाचच होती, मला कळतं आता. लोक अक्षता टाकायला लागले. कुणालाही काही खटकलं नाही. आणि आई, हात जोडून, डोळे मिटून, त्या आवाजाबरोबर ओठ हलवत होती. एक अक्षर चुकत नव्हती. श्वास पण बरोबर जागी घेत होती.

मी पुढे झाले आणि सुनेच्या हातातून मोबाइल घेऊन बंद केला.

अंतरपाट धरलेली पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी आईला म्हटलं, "म्हण." तिने डोळे उघडले. मी परत म्हटलं, "आई, तू म्हण. तुला हवं तिथून म्हण, आम्ही येतो मागून." माझा आवाज चढला होता, मला स्वतःला ऐकू येत होता.

आईने तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही. तिने एकदा घसा खाकरला, पुन्हा ओठ हलवले, आणि मग आजूबाजूच्या सगळ्या लोकांकडे बघून ती कसनुसं हसली, माझ्याच वागण्याबद्दल माफी मागितल्यासारखी.

"मुहूर्त जाता गो," ती हळूच म्हणाली. "लाव परत."

लोक अक्षता धरून थांबले होते. मी लावला परत.