हात जाईल तिकडे

संध्याकाळी उसाचा पाला पेटवला की त्याचा गोडसर धूर आमच्या वसाहतीवर रेंगाळतो आणि मला दुसराच धूर आठवतो. कारवीच्या ओल्या काटक्यांचा, डोळ्यांना झोंबणारा, म्हशींच्या वासात मिसळलेला. आम्ही गवळी धनगर. आमची वस्ती साताऱ्याच्या डोंगरात होती. जंगल राखीव झाले आणि आम्हाला सांगलीच्या सपाटीला, पलूसजवळ आणून वसवले.

पुण्याची एक मुलगी जुन्या धनगरवाड्यांचा अभ्यास करते. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती म्हाताऱ्या माणसांना तिकडचे विचारते. मला चार माणसांत बोलणे जमत नाही, म्हणून मी फोन धरायचे काम घेतले; फोन धरणारीला कुणी काही विचारत नाही. पण माझी सासू, म्हणजे आत्ती, बोलताना सारखा हात करायच्या, ‘ह्या अंगाला देवराई, त्या अंगाला कातळ,’ आणि हात जाईल तिकडे मी फोन वळवायची. मुलीला दिसायचा नुसता ऊस.

‘ताई, आजींचा चेहरा दाखवा ना!’

‘भोळी हाय ती,’ आत्ती म्हणायच्या. ‘म्या दावते तिकडंच बघती.’

मुलगी आमच्या डोंगराचा नकाशा काढत होती. त्यात कातळाखालचा झरा तेवढा राहिला होता, आणि त्याची वाट सांगणाऱ्या आत्तीच उरल्या होत्या. गेल्या रविवारी त्या सांगू लागल्या. गोठा ओलांडला, जांभळीपाशी आल्या आणि थांबल्या. हात तसाच वर राहिला.

‘फुडं... फुडं काय गं?’

मुलीला वाटले रेंज गेली. ‘हॅलो, आवाज येतोय का?’

नवी नवरी असताना त्या वाटेने मी आत्तींच्या मागून हंडा घेऊन जायची. मान वर करायची सोय नव्हती. वाट मला त्यांच्या टाचांवरून पाठ झाली. आता गप्प राहिले तर झरा कायमचा गेला. फोन तसाच धरून मी बोलले. जांभळीपासून डावीकडे उतरायचे, शेवाळलेल्या धोंड्यापाशी पदर खोचायचा, मग कपारीशी खाली वाकायचे; वाकल्याशिवाय ते पाणी दिसतच नाही.

‘अगं बया, हिला तोंड हाय की!’ शेजारची कोंडाबाई हसली.

आत्ती हसल्या नाहीत. हनुवटीला हात लावून ऐकत होत्या.

‘लय चांगलं ठिकाण दिसतंय,’ त्या म्हणाल्या. ‘कुणाचं गाव गं ते?’

तुमचंच, म्हणायला माझे ओठ उघडले. पण त्यांच्या तोंडावर इतके कोवळे नवल होते की तो शब्द निघेना.

‘हाय एक डोंगरात, आत्ती.’

‘मला न्हेशील?’

‘व्हय.’

आणि त्या उठून चपला शोधू लागल्या. इतकी वर्षे आम्ही दोघी त्या गावासाठी झुरलो. आता झुरणे माझ्या एकटीच्या वाट्याला आले आणि त्यांच्यापाशी उरली ती जायची हौस. दोघींत कुणाचे बरे, मला अजून कळत नाही.