डावखुऱ्यांची चौकी

माझे भाऊजी कधीही सैन्यात नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण ते स्वतःहून सांगणार नाहीत. त्यांना सगळे कर्नल म्हणतात. हे नाव कोपऱ्यावरच्या चहावाल्याने चेष्टेत पाडलं होतं. चेष्टा कळायला जी थोडी अक्कल लागते ती भाऊजींकडे नसल्यामुळे त्यांनी ते मानाने स्वीकारलं, आणि आता कुणी कर्नल म्हणून हाक मारली की ते किंचित मान तुकवून तिची पोच देतात.

आमच्या विभागीय अभिलेखागारात ते छायाचित्र विभागाचे प्रमुख आहेत. मी त्यांच्या हाताखाली. घरी ते माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे आणि ऑफिसात माझे साहेब, म्हणजे मला या माणसापासून रविवारीही सुटका नाही. विभाग म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि त्यांच्यामधला प्रदर्शनाचा लांबट बोळ. एका खोलीत लोखंडी कपाटं, त्यांत जुन्या काळचे सैनिक आणि सरहद्दीवरच्या चौक्या, काचेच्या प्लेटांवर. एक फिरता छायाचित्रकार खेचरावर कॅमेरा लादून चौकी-चौकीला जायचा, त्याची ही कमाई. दुसऱ्या खोलीत टेबलं, स्कॅनर आणि भाऊजी.

इतकी वर्षं सैनिकांच्या फोटोंमध्ये बसून भाऊजींना आपणही त्यांतलेच वाटू लागलं. आधी मिशा आल्या. मग बूट वाजू लागले. घरी जेवणाला ते रेशन म्हणू लागले, आणि ताई माहेरी आली की शेजाऱ्यांना सांगू लागले, ती रजेवर गेलीय. मी ताईला विचारलं, हे तू सहन कसं करतेस.

"त्यात काय," ताई म्हणाली. "पाल दिसली की कर्नल पलंगावर चढतात आणि मी झाडू घेऊन आघाडीवर जाते."

कामाची त्यांची एक खास पद्धत होती. फोटोची कड त्यांना बघवत नसे. कडेला काही अर्धवट आलं, एखादं कोपर, खांब, खेचराची शेपटी, की कटर काढून ते चारही बाजू छाटून टाकायचे. "फोटो कसा शिस्तीत उभा राहिला पाहिजे," असं म्हणायचे. मेलेल्या माणसांचे हातपाय कापून त्यांना शिस्त लावणारा हा एकच कर्नल मी पाहिला.

त्यांचं नाव झालं ते एका फोटोमुळे. खिंडीतल्या एका चौकीसमोर सात सैनिक ओळीने उभे आहेत आणि सातही जणांच्या बंदुका डाव्या खांद्यावर आहेत. दुसरा कुणी असता तर त्याच्या मनात पाल चुकचुकली असती. भाऊजींनी शोध लावला की ती तुकडीच डावखुऱ्यांची होती. खिंडीतली वाट म्हणे अशी वळते की उजव्या हाताच्या माणसाला तिथे नेम धरताच येत नाही, म्हणून सैन्याने वेचून वेचून डावखुरे आणले. खिंड त्यांनी पाहिलेली नाही. ऑफिसचा जिना चढताना त्यांना दोनदा थांबावं लागतं. तरी 'डावखुऱ्यांची चौकी' नावाची पुस्तिका निघाली, वर्तमानपत्रात लेख आला, शाळा-कॉलेजांतून व्याख्यानं झाली, मानपत्र मिळालं. लोकांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि भाऊजी तिथेच बिऱ्हाड करून राहिले.

फोटोतल्या माणसांचं जे झालं ते मात्र खरं आहे. फोटो काढल्यानंतर महिनाभरात बर्फाचा कडा कोसळला आणि चौकी आतल्या माणसांसकट गाडली गेली. कुणीही सापडलं नाही. छायाचित्रकाराने प्लेटेच्या पाकिटावर डावीकडून सातही नावं लिहून ठेवली होती, म्हणून निदान तेवढी राहिली.

त्यातलं दुसरं नाव पाळणाघरवाल्या बाईंच्या वडिलांचं. ऑफिसमागच्या गल्लीत त्या राहत्या घरीच पाळणाघर चालवतात. वडील गेले तेव्हा त्या रांगतही नव्हत्या. आई पाठोपाठ गेली, मामाने वाढवलं, आणि घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता. खूप वर्षांपूर्वी त्या चौकशी करत आमच्याकडे आल्या तेव्हा भाऊजींनी डावीकडून दुसऱ्या माणसाचा चेहरा मोठा करून, चौकट करून त्यांना दिला. छाती काढलेला, पिळदार मिशांचा, देखणा गडी. बाईंनी तो पाळणाघराच्या भिंतीवर लावला. दुपारी पोरं झोपेनाशी झाली की त्या म्हणत, आजोबा बघतायत हं. आपल्या मुलाचं कपाळ थेट त्यांच्यासारखं आहे, असंही त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

दरवर्षी कडा कोसळल्याच्या तारखेला त्या आमच्याकडे येऊन बोळातल्या मोठ्या फोटोसमोर उभ्या राहायच्या. अलीकडे अगदी जवळून बघायच्या. एका डोळ्याची नजर गेली आहे आणि दुसऱ्याचं डॉक्टर नीट काही सांगत नाहीत. त्या आल्या की भाऊजींना श्रोता मिळायचा. एक एक सैनिक दाखवत ते सहाव्यापाशी यायचे. हा सहावा खांदे पाडून उभा होता, टोपी तिरकी, डोळे मिटलेले. भाऊजींनी त्याचं नाव पेंगूळराव ठेवलं होतं.

"हे आमचे पेंगूळराव," ते म्हणायचे. "शत्रू आला तर म्हणणार, पाच मिनिटांनी उठवा."

लोक हसायचे. बाईही तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांचे वडील दुसरे होते, त्यामुळे हसायला काही हरकत नव्हती.

यंदा वरून हुकूम आला की सगळ्या प्लेटा स्कॅन करायच्या. काचेच्या प्लेटेला एक चकचकीत बाजू असते आणि एक मंद. चित्र मंद बाजूवर असतं. बाजू उलटी ठेवली की आरशातल्यासारखा डावा-उजवा बदललेला फोटो निघतो. हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. खिंडीतल्या चौकीची प्लेट मी सरळ ठेवली आणि पडद्यावर सातही बंदुका उजव्या खांद्यावर आल्या. कडेला चौकीचा बोर्ड होता, त्यावरचं नाव आणि क्रमांक सुलट वाचता येत होता. बोळातल्या फोटोत हा बोर्ड नव्हताच.

मी एकटीच खो खो हसले. डावखुऱ्यांची अख्खी तुकडी, खिंडीतली वाट, ते वेचून आणलेले नेमबाज, सगळं एका उलट्या काचेतून निघालेलं. हसता हसता मी पाकिटावरची नावं पडद्यावरच्या माणसांशी लावू लागले. सात जणांत मधला चौथा तेवढा या घोळातून वाचला होता. बाकी सगळे एकमेकांच्या नावाने इतकी वर्षं उभे होते. डावीकडून दुसरा होता पेंगूळराव. माझं हसू तिथेच थांबलं.

भाऊजींना बोलावलं. ते आले, चष्मा लावला, बघितलं.

"प्लेट तुम्ही उलटी छापलीत, भाऊजी."

"ऑफिसात साहेब म्हणायचं."

"प्लेट तुम्ही उलटी छापलीत, साहेब. हा बोर्ड तुम्हाला दिसला नव्हता?"

"दिसला होता की," ते म्हणाले. "अक्षरं उलटी होती. मला वाटलं, रंगारीही डावखुरा असेल."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. थट्टा करत असते तर मी माफ केलं असतं. पण ते मनापासून बोलत होते. डावखुरा माणूस अक्षरं उलटी रंगवतो, असं त्यांना खरोखर वाटलं होतं, आणि कडेला येतोय म्हणून त्यांनी तो बोर्ड कटरने उडवला होता. अशा माणसाच्या सहीशिवाय मला रजा मिळत नाही.

"बाईंना सांगायला हवं," मी म्हटलं. "त्यांच्या भिंतीवर परका माणूस आहे."

"कशाला? त्यांना काय फरक पडतो? दोघंही एकाच बर्फाखाली गेले. घरी चांगला रुबाबदार बाप आहे, त्याच्या जागी पेंगूळराव लावायचे? न सांगणं हेच त्यांच्यावर उपकार आहेत." मग खरं कारण आलं, जरा खालच्या आवाजात. "आणि पुस्तिकेची दुसरी आवृत्ती छापखान्यात आहे. ती फाईल पुसून टाक."

"हे साहेब म्हणून सांगताय की भाऊजी म्हणून?"

"दोन्ही."

"मग दोघांनाही नाही म्हणते," मी म्हटलं, आणि त्यांच्यादेखत बाईंना फोन लावला.

बाई लगेच आल्या, पाळणाघर सुनेवर सोपवून. मी त्यांना पडद्यासमोर बसवलं, पाकिटावरची नावं वाचून दाखवली, बोर्ड दाखवला आणि सरळ सांगितलं. गोड बोलून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मग घरी आहेत ते कोण?" त्यांनी विचारलं.

"सहावं नाव ज्यांचं, ते."

"त्यांच्याकडचं कुणी आलं नाही कधी?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. "यांना मी हसलेय," त्या म्हणाल्या. "दरवर्षी हसलेय."

मला भाऊजींचा इतका संताप आला की हाताशी असलेलं कटर मी ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही. त्या चांगला डोळा पडद्याला जवळजवळ टेकवून बघत होत्या. मी चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला.

"झोप आवरत नाहीये त्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्याकडची पोरं अशीच बसल्या बसल्या झोपी जातात. मान अजून धरून ठेवलीय बघा, पण डोळे मिटलेत. रात्रभर उभं केलं असेल कुणीतरी." त्यांनी पडद्यावर त्या तिरक्या टोपीपाशी बोट नेलं आणि ती सरळ करावी तसं हलवलं.

मी छापून दिलेला चेहरा हातात घेऊन त्या तशाच वर संचालकांकडे गेल्या. आमचे संचालक एरवी देवालाही घाबरत नाहीत, पण वर्तमानपत्राला घाबरतात. आठवड्याभरात बोळात सुलट फोटो लागला, कडेच्या बोर्डासकट. पुस्तिकेचे गठ्ठे कपाटामागे गेले आणि भाऊजींनी फोटोखाली स्वतःच्या अक्षरात चिठी लावली, 'तांत्रिक कारणामुळे पूर्वी प्लेट उलटली होती.' प्लेटेने जशी काही झोपेत कूस बदलली होती. डावखुऱ्यांचा विषय काढला की ते आता कानावर हात ठेवतात.

बाईंच्या घरी मी जाऊन आले. भिंतीवर दोन्ही चेहरे होते. "इतकी वर्षं पोरांवर नजर ठेवलीय त्यांनी," त्या म्हणाल्या. "आता घराबाहेर कुठे काढू? त्यांचं कुणी आलं तर देईन." मुलाच्या कपाळाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

मग कडा कोसळल्याची तारीख आली. बाई आल्या. त्या दिवशी कॉलेजचा एक वर्गही आला होता, म्हणजे भाऊजींना बूट वाजवायला आयतं निमित्त. मला वाटलं होतं, निदान आज हा माणूस तोंड आवरेल. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते आणि तरीही मला असं वाटलं, हा माझाच मूर्खपणा. पहिला सैनिक सांगून झाला. दुसऱ्यापाशी येताच भाऊजींनी आवाज जड केला आणि हात छातीवर ठेवला.

"आणि हे पाहा. रणभूमीवर उभं राहून, डोळे मिटून, मातृभूमीचं ध्यान करणारा हा महावीर."

पोरापोरींनी गंभीरपणे माना डोलावल्या. एका मुलीने ते लिहूनही घेतलं. तेच तोंड, तोच माणूस, फक्त चार जागा इकडे सरकल्यावर पेंगूळरावाचा महावीर झाला होता.

"साहेब, थांबा जरा," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. पोरांना गप्प करायला त्यांना आवाज चढवावा लागत नाही. "तुम्ही यांना पेंगूळराव म्हणालात, तेव्हा मी हसले. आता महावीर म्हणताय. यांना ना तुम्ही ओळखत होतात, ना मी. तेव्हा यापुढे माझ्या वडिलांबद्दल तुम्ही काही बोलायचं नाही. वाईट नाही आणि चांगलंही नाही."

भाऊजींच्या मिशा हलल्या. "अहो, पण मग मी लोकांना सांगू काय?"

"पहिले सांगा," बाई म्हणाल्या, "आणि मग तिसरे सांगा."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडेच बघत होते, नजर काढली नाही. मग त्यांनी घसा साफ केला आणि एक पाऊल पुढे सरकले.

"हे तिसरे," ते म्हणाले.

तेव्हापासून ते पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जातात. उभ्या आयुष्यात एवढा एकच हुकूम त्यांनी बिनबोभाट पाळलाय. कुणी विचारलंच, दुसरे कोण, तर ते बाजूला होतात, आणि लोक आपणहून जवळ जाऊन बघतात.