लॅबवाल्या बाई

मुरबाडच्या दवाखान्यातल्या लॅबवाल्या बाई रिपोर्टबद्दल चकार शब्द काढत नसत. कुणी कितीही विचारलं तरी कागद पालथा करून हातात देत आणि म्हणत, "डॉक्टर सांगतील."

माझी लेक वीस दिवसांची असताना तिचं तोंड सुजायला लागलं. ती रडायची कमी आणि झोपायची फार. सासूबाई म्हणायच्या, "गुणाची पोर हाय." मला मात्र त्या झोपेचीच भीती वाटायची. रक्त घेण्याआधी बाईंनी तिची टाच आपल्या तळहातात धरून उबवली. सुई टोचल्यावरही ती नुसती कण्हली. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

रिपोर्टची वाट पाहत मी बाकावर बसले होते, तर बाई स्वतःच बाहेर आल्या. काहीतरी वाईटच असणार म्हणून मी लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"रक्तातलं प्रोटीन कमी आलंय गो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "थायरॉईड कमी पडला तरी असं होतं कधीकधी. ती पण टेस्ट करायला सांग डॉक्टरांना. आजच सांग."

थायरॉईडच निघाला. रोज सकाळी गोळी चुरून माझ्या दुधातून द्यायची, असं सुरू झालं. हळूहळू सूज उतरली, प्रोटीन वाढलं आणि पोर घर डोक्यावर घ्यायला लागली.

पुढच्या थंडीत म्हसा गावच्या यात्रेत बाई समोरून माझ्याकडेच येताना दिसल्या. मी कडेवरच्या लेकीला घट्ट धरलं. त्यांनी ते पाहिलं आणि लांबूनच हात हलवला.

"काय नाय गो," त्या म्हणाल्या, "घोंगडी घ्यायला आलेय."