जिथं बसली, तिथंच उतरवा

अल्का रामटेके एसटीत कंडक्टर होती. उभ्या बसवर मागून ट्रक आदळला आणि तिचा उजवा पाय मोडला. आत सळई बसवली. ती कामावर परतली, पण तिला तिकीट खिडकीवर बसवलं. डॉक्टरांनी पायासाठी सायकल चालवायला सांगितली होती. तिनं जुनी गिअरची सायकल घेतली आणि बघता बघता तिला सायकल चालवायचं वेडच लागलं.

२०१४ च्या हिवाळ्यात गोंदियाच्या एका सायकल मंडळानं नवेगावच्या जंगलात सफर ठेवली. अल्कानं नाव दिलं.

"कोनाले दाखवाचं हाये तुले?" नवरा संघदीप चिडला.

"मलेच," ती म्हणाली.

जंगलाच्या गेटातून निघाल्यावर थोड्याच वेळात बाकीचे सायकलवाले दिसेनासे झाले. रस्ता लाल मुरमाचा, वर सुटी गिट्टी. पहिल्याच मोठ्या चढावर तिचं मागचं चाक सरकलं आणि ती उजव्या अंगावर पडली. गुडघा सोलून निघाला. मागून मंडळाची जीप आली. आत मंडळाचे टेकचंदभाऊ आणि वनरक्षक बिसराम होते.

"मॅडम, बस हो गया. जीप में बैठ जाइए," टेकचंदभाऊ म्हणाले.

"दुखून राहिलं ते माह्या पायाले, तुमच्या जीपले नाही."

ती उठली. सायकल ढकलत, मधेच थांबत, शिव्या पुटपुटत वर पोचली. उतारावर ब्रेक दाबून बोटं बधिर झाली. खाली नाल्याजवळ येते, तोच मागून येणाऱ्या जीपमधून बिसराम ओरडला, "बाई, थांबा!"

पुढच्या वळणावर अस्वल उभं होतं, पाठीवर पिल्लू घेऊन.

या वेळी तिनं वाद घातला नाही. सायकल तिथंच आडवी टाकली आणि जीपमध्ये शिरली. बराच वेळ अस्वल हललं नाही. मग ड्रायव्हरनं गाडी हळूहळू पुढं घेतली, तसं ते बांबूत घुसलं. नाला ओलांडून जीप वळणापर्यंत आली होती.

"सायकल मैं मँगवा लेता हूँ," टेकचंदभाऊ म्हणाले.

"गाडी मागं घ्या. जिथं बसली, तिथंच उतरवा."

"इतने से क्या फर्क पड़ता है?"

"तुम्हाले नाही पडत. मले पडते."

टेकचंदभाऊंनी कपाळाला हात लावला. बिसरामनं बांबूकडं नीट पाहिलं, कान दिला आणि ड्रायव्हरला मान हलवून इशारा केला. जीप मागं गेली. थांबून पाय आखडला होता, तिला तो हातानं उचलून पॅडलवर ठेवावा लागला. नाल्यातून ती भिजतच निघाली.

ती गेटावर पोचली तेव्हा मंडप सोडणं चालू होतं. पदकं वाटून झाली होती, माणसं घरी गेली होती. पोचणाऱ्याचं नाव पुकारायचा माइक तेवढा उभा होता.

"माहं नाव सांगा," ती टेकचंदभाऊंना म्हणाली.

"अब कौन सुनेगा, मॅडम?"

"मी हावो ना. शेवटची म्हनून सांगा, पन सांगा."

टेकचंदभाऊंनी माइक चालू केला. अल्का सायकल धरून समोर उभी राहिली आणि तिनं आपलं नाव पूर्ण ऐकून घेतलं.