प्रभाकरच्या गिटारची मान

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही, आणि तिच्यापासून लपवलेलं माझ्याकडे दुसरं काही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की तेही खरं कारण नसेल? कोण जाणे. गेले काही दिवस मला एका जागी बसवत नाही, एवढं खरं. शेडमध्ये जातो, लेथ चालू करतो, जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, न लावताच बंद करतो, पुन्हा घरात येतो. बायको म्हणते, काय हरवलंय का तुमचं? मी म्हणतो, काही नाही.

शेड म्हणजे नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरामागची पत्र्याची खोली. अंबडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, माझी नोकरी झाली. नोकरीत असतानाच एक जुना लेथ आणि छोटं मिलिंग मशीन घरी आणून बसवलं आणि इलेक्ट्रिक गिटारी बनवायला लागलो. हौस, दुसरं काय. वाजवता येत नाही मला, आजही येत नाही. पण ब्रिज कापायचा, तारांच्या खुंट्या लेथवर काढायच्या, तारांचा आवाज उचलणाऱ्या पिकअपच्या कॉइलवर केसाएवढी तार गुंडाळायची — यात माझा जीव रमतो. मग दुरुस्तीलाही येऊ लागल्या. ऑर्केस्ट्रावाले, कॉलेजची मुलं, चर्चमध्ये वाजवणारे. दिलीपकाकांकडे टाकली की बघायला नको, असं म्हणायचे. ते ऐकायला मला आवडायचं. जरा जास्तच आवडायचं.

प्रभाकर माझा आयटीआयपासूनचा मित्र. नाशिक रोडला राहतो. नोकरी सरकारी, पण तरुणपणी सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. सिन्नर म्हणू नका, घोटी म्हणू नका, टेम्पोत स्पीकरच्या खोक्यांवर बसून जायचा. त्याची गिटार जपानी बनावटीची होती, लाल, आणि जिथे त्याचा हात टेकायचा तिथला रंग उडून लाकूड दिसायला लागलेलं. ऑर्केस्ट्रा बंद पडला, गिटार कपाटावर गेली. ती खाली काढली त्याच्या मुलीने, मृणालने. बापाने सुरुवातीचं दाखवलं आणि पोरगी बघता बघता त्याच्या पुढे गेली. प्रभाकर मला फोन करायचा, "ऐक," एवढंच म्हणायचा, आणि फोन तिच्या गिटारपाशी धरायचा.

मी भलतीकडेच चाललोय का? नाही. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मृणालला वाजवायचं होतं. गिटारची मान वाकली होती, तारा वर उचलल्या गेल्या होत्या, दाबताना बोटं दुखायची. मानेच्या आत एक पोलादी सळई असते. तारा मानेला एकीकडे ओढतात, सळई दुसरीकडे. सळईच्या टोकाला नट असतो, तो किंचित फिरवला की मान सरळ येते. माझं नेहमीचं काम. मृणाल स्कूटीवरून गिटार घेऊन आली.

"काका, द्वारका चौकाच्या पुढे खड्ड्यात जरा आदळली हो. बघा ना, काही झालं नाही ना?"

मी तिच्यासमोरच कव्हर उघडलं. मान उजेडाकडे धरली, बोट फिरवलं, टिचकी मारून आवाज ऐकला. काहीही झालेलं नव्हतं. पण तसं मी तिला म्हणालो नाही. "ठेव, बघतो," म्हणालो. त्यात काही डाव नव्हता तेव्हा. मी असाच बोलतो, तोडून. ती गेली.

नट गंजून बसला होता. अशा वेळी काय करायचं ते मला पाठ आहे. तेल सोडायचं, वाट बघायची, मान क्लँपमध्ये उलटी दाबून सळईवरचा ताण काढायचा, मग पाना लावायचा. हे मी दुसऱ्यांना शिकवलंय. त्या दिवशी मी यातलं काही केलं नाही. का नाही केलं? घाई नव्हती, दारात कुणी उभं नव्हतं. मला वाटलं, माझ्या हाताला कळतं. पान्यावर पाइपचा तुकडा चढवला आणि जोर दिला. काहीतरी सरकलं. तो नट नव्हता, लाकूड होतं — आणि हे हाताला खरंच कळलं होतं. तरी मी आणखी एकदा जोर दिला.

आवाज फार मोठा झाला नाही. मानेवर डोक्याकडून मधोमध चीर गेली, वरची शिसवाची पट्टी उचलली, आतली सळई पिळवटून तुटली.

चूक कुणाच्या हातून होत नाही? कारखान्यात माझ्या हातून चांगले जॉब वाया गेलेत, आणि मी साहेबांसमोर उभं राहून माझ्याकडून गेला म्हणून सांगितलंय. मग या वेळी काय झालं? मी बरेचदा विचार केलाय. साहेबांना मी आवडलो नाही तरी मला चालत होतं, इथे चाललं नसतं, एवढंच सापडतं.

मी प्रभाकरला फोन लावला. म्हणालो, "अरे, मानेला चीर आहे. रस्त्यात कुठे आदळली होती का?"

नुसता प्रश्न विचारला. खोटं नाही बोललो, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होतो.  तिकडे प्रभाकरने आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "मृणाल, गिटार आदळली होती का गं?" तिचं उत्तर मला ऐकू आलं नाही. रडणं ऐकू आलं.

संध्याकाळी ती एकटीच आली. शेडच्या दारात उभी राहिली, आत आलीच नाही. बाकावर गिटार तशीच पडली होती.

"काका, मी आणली तेव्हा तुम्ही बघितली होती ना? तेव्हा ठीक होती ना?"

मी म्हणालो, "वरून दिसत नाही गं ते. आतून गेलेली असते."

हे ते वाक्य. इथपर्यंत यायला मला एवढी वळणं घ्यावी लागली. आणि वर मी काय केलं, सांगू? तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, मनाला लावून घेऊ नकोस, मी नवीन मान करतो.

केलीही. मेपलचं लाकूड मुंबईहून मागवलं, सळई स्वतः लेथवर काढली. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं, नंतरही नाही. प्रभाकर पेढे घेऊन आला. येईल त्याला सांगायचा, पोरीने मोडली होती, दिल्याने उभी केली. मुलीला तो कधी रागावला नाही. होतं असं, म्हणायचा. पण तो "होतं असं" म्हणाला की ती उठून आत जायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गॅदरिंगमध्ये तिच्या जागी दुसऱ्या कुणीतरी वाजवलं. गिटार परत घरी गेली ती प्रभाकरच्याच खोलीत राहिली. मृणालने तिला पुन्हा हात लावला नाही. बाबांकडेच बरी आहे, म्हणायची.

नंतर तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. तिला मुलगी झाली. मधल्या काळात मला बोलता आलं नसतं का? शंभर वेळा आलं असतं. त्यांच्या घरी मी दिवाळीचा फराळ खाल्लाय, लग्नात पंगतीत वाढलंय.

परवाच्या सुट्टीत ती मुलीला घेऊन नाशिकला आली होती. प्रभाकर दोघींना आमच्याकडे चहाला घेऊन आला. मुलगी शेडमध्ये शिरली. बाकावर एक अर्धवट गिटार होती, तारा चढवलेल्या. तिने हात पुढे केला, तेवढ्यात मृणालने तिचं मनगट धरून मागे ओढलं. जोरात ओढलं.

"हात नाही लावायचा. आपल्या हातून वस्तू मोडतात."

आपल्या, म्हणाली. त्या लहान मुलीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

माझ्या तोंडून निघालं, "मृणाल, तुझ्या हातून काही मोडलं नव्हतं गं. ती मान तुझ्यामुळे नव्हती गेली."

तिने माझ्याकडे बघितलं.  मग हसली.

"काका, तुम्ही तेव्हापासून असंच सांभाळून घेता मला."

एक वाक्य बोलायचं उरलं होतं. मी मोडली. एवढंच. मागे दारात प्रभाकर उभा होता, तोही हसत होता, मान हलवत होता — बघ, म्हटलं नव्हतं, असा माणूस आहे.

"चला, चहा निवेल," मी म्हणालो, आणि त्यांच्या पुढे होऊन घरात गेलो.