खडकाळी नावाची पट्टी

कागलच्या पलीकडं आमचं गाव. तिथं शेताला नंबर असतो तो तलाठ्यापुरता. बाकी सगळा कारभार नावावर. वडाची पट्टी म्हणायचं, तिथला वड कुणाच्या आज्यानंही बघितलेला नाही. हिरेहोल म्हणजे कानडीत थोरलं शेत, आणि आहे मात्र अंगणाएवढं! वाटण्या होत गेल्या, नाव तेवढं थोरलं राहिलं.

आईला आम्ही आव्वा म्हणायचो. आमचं ऐकून तिच्याबरोबर भांगलणाऱ्या, म्हणजे शेतातलं तण काढणाऱ्या बायकाही आव्वाच म्हणायला लागल्या. माळावर आमची एक पट्टी होती, नुसती दगडांची. गाव तिला खडकाळी म्हणायचं. आव्वा रोज शेतावर भाकरी घेऊन जायची, आणि बुट्टी रिकामी झाली की दगडांनी भरून बांधावर ओतायची. वर्षानुवर्षं हेच. मोबाईल यायच्या आधीच ती गेली.

वर्षश्राद्धाला एक पावणं जेवता जेवता म्हणाले, "खडकाळीत भुईमूग झकास आलाय की!" माझं डोकंच फिरलं. अहो, एक खडा दाखवा तिथं! जिनं दगड वेचले तिचं नाव सातबाऱ्यावर नाही, गावाच्या तोंडी नाही, कुठंच नाही. मी तडक कोल्हापुरात शाहूपुरीत जाऊन पत्र्याची पाटी रंगवून आणली, तिचं नाव, आडनाव, सगळं टाकून, आणि बांधावर ठोकली. गाव हसलं. हसू दे.

अप्पा, म्हणजे माझे वडील, पाटी बघायला बांधावर आले. मग हळूच म्हणाले, "पोरी, आसं नाव पडत न्हाय गं. लोकांच्या तोंडात बसाय लागतंय."

दोन पावसाळ्यांत पाटी गंजली. मग कुणीतरी ती उपटून गोठ्याच्या भगदाडाला लावली. माझ्यासारखी भांडखोर, पण भांडायला गेले नाही. घरी बसून रडले. वाटलं, संपली आपली आव्वा.

पुढं लग्न झालं, मी कोल्हापुरात आले. अप्पाही गेले. दहा-बारा वर्षांनी गावी भावाकडं गेले होते, तर सकाळी पाणंदीत भांगलणीला निघालेल्या बायका भेटल्या. सगळ्यात मागं एक नवी सून होती. सहज विचारलं, "कुणीकडं गं?"

"आव्वाच्या पट्टीत."

मी जागच्या जागी थांबले. "कुठली गं ती?"

"ती की, माळावरची."

"आणि आव्वा कोण?"

"म्हाईत न्हाय, मावशी. मी औंदाच नांदाय आलोय. सगळ्या बायका आसंच म्हणत्यात." मग स्वतःच्या अनवाणी पायांकडं बघत म्हणाली, "पर तितं खडा टोचत न्हाय बगा."

मला भडभडून आलं. ती बिचारी घाबरली. "काय झालं वो?"

"काही नाही बाळा, चल," म्हटलं. बांधापाशी चपला काढल्या आणि तिच्या मागनं शेतात शिरले.