तिसऱ्या पानावरचा खासगी निरोप

त्या सोमवारी माझ्या टेबलावर पडलेले कागद आजही डोळ्यांसमोर आहेत. दोन हजारच्या दशकातली गोष्ट. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. कागद घेऊन आलेले गृहस्थ जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत सगळ्यांना माहीत होते. त्यांची स्वतःची वेबसाइट होती. बाजारभाव, लग्नाची स्थळं, गावोगावच्या बातम्या आणि 'चावडी' नावाचं एक पान. तिथे टोपणनावाने कोणीही काहीही लिहावं. सभासदांना आपसांत खासगी निरोपही पाठवता येत. माथ्यावर ठळक अक्षरांत होतं, 'बिनधास्त बोला. तुमचं नाव कोणालाही कळणार नाही.'

याच चावडीवर एकदा कोणीतरी आमच्या पोलिसांबद्दल लिहिलं होतं. तेव्हा मी त्यांना नाव विचारलं, तर चार लोकांसमोर ते म्हणाले होते, "साहेब, लोकांची तोंडं दाबायचे दिवस गेले." कॉलेजांत त्यांची आविष्कार स्वातंत्र्यावर भाषणं होत.

आता तेच म्हणत होते, "बदनामी चाललीय, साहेब. हा माणूस शोधून आत टाका."

ते कागद म्हणजे चावडीवरचं लिखाण, छापून आणलेलं, असं ते म्हणाले. 'जागल्या' या नावाने कोणीतरी लिहिलं होतं की, अमुक दवाखान्यात सोनोग्राफी करून मुलगा की मुलगी ते सांगतात. दवाखाना त्यांच्या मेहुण्याचा.

"बदनामी अदखलपात्र आहे," मी म्हणालो. "कोर्टाचा आदेश आणा, मग तपास करतो."

ते नुसते हसले. अर्ध्या तासात वरिष्ठांचा फोन आला. "चौकशी करून टाका. कोर्टाच्या कागदाचं मागाहून बघू." मी 'होय सर' म्हणालो.

ज्या संगणकावरून लिहिलं गेलं, त्याचा ठावठिकाणा वेबसाइटच्या मालकांनी आधीच काढून ठेवला होता. नारायणगावातला एक सायबर कॅफे. तो चालवणारे जुन्नरचे एक वयस्कर मुसलमान गृहस्थ होते, मोजकं बोलणारे. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव-पत्ता लिहून ठेवा, अशी नोटीस मीच सगळ्या कॅफेंना काढली होती. त्यांनी रजिस्टर समोर ठेवलं. शनिवारी दुपारी त्या तासात तीन नावं. दोघे टोमॅटोचे व्यापारी. तिसरी बाई, पत्ता वारूळवाडीचा.

"त्या दवाखान्यात नर्स आहेत," ते म्हणाले. मग पानावर बोट ठेवून, "साहेब, या पानाची झेरॉक्स सकाळीच गेली."

"कोणी नेली?"

"दोन माणसं आली होती. मी नाही म्हटलं, तर बोलली, पोलिसांनीच पाठवलंय."

मी कोणालाही पाठवलं नव्हतं. महिला हवालदाराला जीपमध्ये घेऊन मी थेट वारूळवाडी गाठली.

बाई तिशीच्या. भाड्याच्या एका खोलीत एकट्या राहणाऱ्या. खोटं बोलणारा माणूस उत्तर घाईने देतो, असा माझा अनुभव. या बाईंना उत्तराची घाई नव्हती. कॅफेत कशाला गेलात, चावडीवर काय लिहिलंत, मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. शेवटी मी ते कागदच त्यांच्या हातात दिले. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"साहेब, हे चावडीवर न्हवतं."

"म्हणजे?"

"हे मी पेठ गावच्या मैत्रिणीलाच धाडलं व्हतं. खासगी. ती कॉम्प्युटर क्लासात शिकवती. घरचा फोन सासू उचलती, म्हणून त्या वेबसाइटवरनंच लिहायचो आमी."

मी वाचलं. 'गुरुवारी दवाखान्यात येऊ नको. दोन पोरींवर तिसरी हाय, असं कळलं तर ते पुढचंबी तिथंच उरकत्यात.' सकाळी हेच पान मी चाळलं होतं. शोधत होतो बदनामी, म्हणून बाकी काही दिसलं नाही.

"मालक आमचं समदं वाचत्यात व्हय?" त्यांनी विचारलं.

वाचतात, हे मला माहीत होतं. रस्ता रुंदीकरणाला विरोध करणारे चावडीवर काय लिहितात, ते कोण, याची यादी हेच मालक वर्षभर दर आठवड्याला मला गुपचूप देत होते. मी ती वर पाठवत होतो. आदेश नाही, पत्र नाही. मी ते रोजचंच काम समजत होतो.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकलवरून दोघंजण उतरले. "बाई हायेत का? मालकांनी बोलावलंय."

मी दारात गेलो. "पोलिसांनी पाठवलंय ना तुम्हाला? मग बोला, मीच तो पोलीस."

दोघं आल्या पावली परत फिरले.

गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्याखाली कारवाईचा अधिकार सरकारी डॉक्टरांचा. मी बाईंना त्याच जीपमधून ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे नेलं. तिथे त्या अडीच तास बोलल्या. बुधवारी धाड पडली, सोनोग्राफी मशीनला सील लागलं. आम्ही बंदोबस्ताला होतो. वरिष्ठ फोनवर कडाडले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"चौकशी करायला आपणच सांगितलं होतं, सर."

पेठची ती मैत्रीण गुरुवारी आली नाही. पुढे तिला मुलगी झाली. मालकांनी वेबसाइटवर 'पोलिसी दडपशाही' असा मोठा लेख लिहिला. 'जागल्या'चं लिखाण मात्र चावडीवरून आधीच गायब झालं होतं.

नर्सबाईंना दोन्ही तालुक्यांत कोणी कामावर घेतलं नाही. जाण्याआधी त्या ठाण्यात आल्या. "मशीन बंद झालं, बरं झालं. पण माझं नाव त्यांच्या हाती गेलं कसं, साहेब?"

मी खरं ते सांगितलं. रजिस्टरची नोटीस माझ्या सहीची होती. आणि पोलिसांच्या नावाने कोणी कागद मागितला तर द्यायचा, ही सवय लोकांना आम्हीच लावली होती. त्यांनी ऐकून घेतलं, पिशवी उचलली आणि नाशिकच्या एसटीकडे चालत गेल्या.

बोलू द्या, असं म्हणणारी पुष्कळ माणसं मी पाहिली. स्वतःच्या घरावर बोट आलं की तीच माणसं नाव विचारतात. त्यात मीही होतो, हे मान्य करायला मला ही केस लागली. त्या आठवड्यापासून मी यादी पाठवणं बंद केलं. वरून विचारणा झाली.

"लेखी आदेश द्या, सर," मी म्हणालो. "लगेच पाठवतो."

निवृत्त होईपर्यंत वाट पाहिली. लेखी आदेश आला नाही.